अंडाशयाचे कलम : प्राण्यांवरील प्रयोगांनी दिलेला धडा

खोंड खच्ची केला की तो शांत होतो, त्याचे वशिंड वळूच्या वशिंडासारखे भरत नाही, कळपातील गाईंकडे त्याचे लक्ष राहत नाही आणि तो औताला जुंपण्यास योग्य होतो. ही गोष्ट महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कित्येक पिढ्यांपासून ठाऊक आहे. परंतु एक लहानसा अवयव निकामी केला असता मान, खांदा, आवाज आणि स्वभाव या सर्वांत बदल का व्हावा, हा प्रश्न जगात फार काळ कोणी शास्त्रीय पद्धतीने विचारला नव्हता. तो विचारला गेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्याचे उत्तर मिळाले ते अवयव कापून टाकण्याच्या नव्हे, तर कापलेला अवयव पुन्हा शरीरात लावण्याच्या प्रयोगांतून. अंडाशयाचे रोपण आणि त्यायोगे संप्रेरकांचे कार्य पूर्ववत होणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय प्रयोगशाळेतील वाटला तरी त्याचे धागे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रीच्या आरोग्यापर्यंत पोहोचतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

सहा कोंबड्यांचा प्रयोग

जर्मनीतील ग्योटिंगेन येथील प्राध्यापक आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी १८४९ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सहा तरुण कोंबडे घेतले होते. दोघांची वृषणे पूर्णपणे काढून टाकली. ते कोंबडे लठ्ठ व निरुत्साही झाले. त्यांचा तुरा वाढला नाही आणि ते आरवेनासे झाले. उरलेल्या चौघांच्या पोटात मात्र एकेक वृषण मूळ जागेपासून सुटे करून ठेवले. त्यांपैकी दोघांना तर एकमेकांचे वृषण दिले. या चौघांचे तुरे लाल राहिले, ते आरवत राहिले, भांडत राहिले. पुढे त्यांची तपासणी केली तेव्हा आतड्याला चिकटलेल्या त्या वृषणांत नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसल्या. मज्जातंतूंचा जुना संबंध तर तुटलेलाच होता. तेव्हा हा परिणाम मज्जातंतूंमार्फत होत नसून रक्तामार्फत होत असला पाहिजे, असा निष्कर्ष बेर्टोल्ड यांनी काढला. अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्राचा हा पायाचा दगड होय. त्या काळी मात्र त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

एका शस्त्रक्रियेने उभा केलेला प्रश्न

स्त्रीच्या अंडाशयासंबंधीचा प्रश्न याहून निकडीच्या परिस्थितीत पुढे आला. १८७२ च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट बॅटी, इंग्लंडमधील लॉसन टेट आणि जर्मनीतील आल्फ्रेड हेगर या शल्यवैद्यांनी अंडाशये काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पाळीच्या वेळच्या वेदनांपासून मानसिक विकारांपर्यंत नाना तक्रारींवर हा उपाय म्हणून सांगितला जाऊ लागला आणि पुढील दोन दशकांत निरोगी अंडाशयेही मोठ्या संख्येने काढली गेली. अपत्य नको असेल तर अंडाशयाचा उपयोग तो काय, अशी समजूत त्यामागे होती. परंतु शस्त्रक्रियेनंतर तरुण स्त्रियांची पाळी एकाएकी थांबे, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होई, झोप उडे आणि गर्भाशय आक्रसून जाई. ज्या अवयवाचे काम केवळ बीज तयार करणे असे मानले जात होते, तो गेल्याबरोबर सारे शरीर का बिघडावे, याचे उत्तर वैद्यांपाशी नव्हते. अंडाशयातील मज्जातंतूंवर ताण पडून पाळी येते, हे त्या काळी प्रचलित असलेले मत होते.

या मताची परीक्षा व्हिएन्ना येथे झाली. रूडोल्फ क्रोबाक यांच्या रुग्णालयातील एमिल क्नाउअर यांनी सशाच्या माद्यांची अंडाशये मूळ जागेवरून काढून पोटातच अन्यत्र लावली आणि १८९६ साली आपले निष्कर्ष मांडले. ज्या माद्यांची अंडाशये काढून टाकली होती त्यांचे गर्भाशय आक्रसले. ज्यांच्या शरीरात कलम रुजले त्यांचे गर्भाशय सुस्थितीत राहिले. १९०० साली योसेफ हालबान यांनी वयात न आलेल्या गिनीपिग माद्यांवर असाच प्रयोग केला. अंडाशय नसलेल्या माद्यांचे गर्भाशय बाल्यावस्थेतच राहिले, तर त्वचेखाली लावलेले अंडाशय जगले त्या माद्यांत ते नेहमीप्रमाणे वाढले. पुढच्या वर्षी त्यांनी वानरमाद्यांत दाखवून दिले की, अंडाशय दुसरीकडे लावले तरी पाळी चालू राहू शकते आणि ते कलम काढून घेतले की थांबते.

या शेवटच्या पायरीचे महत्त्व शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे. अवयव काढला, कार्य थांबले. अवयव परत लावला, कार्य सुरू झाले. कलम पुन्हा काढले, कार्य पुन्हा थांबले. अशी तिहेरी साखळी पूर्ण झाल्यावर शंकेला जागा राहत नाही. अंडाशय ही ग्रंथी आहे, ती आपला स्राव थेट रक्तात सोडते आणि जागा बदलली तरी रक्तपुरवठा मिळाल्यास तिचे काम चालू राहते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

खुंट एकाचा, फळ दुसऱ्याचे

कोकणातील बागायतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधतो. खुंट रायवळाचा असला तरी फळ हापूसचेच येते. प्राण्याच्या बाबतीतही असेच घडते काय, हा प्रश्न अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विल्यम कॅसल आणि जॉन फिलिप्स यांनी १९०९ साली निकालात काढला. त्यांनी एका पांढऱ्या, म्हणजे रंगद्रव्यहीन, गिनीपिग मादीची दोन्ही अंडाशये काढली आणि तिच्या शरीरात एका काळ्या मादीची अंडाशये लावली. नंतर तिचा संयोग पांढऱ्या नराशी करण्यात आला. पांढऱ्या मादीला पांढऱ्या नरापासून पांढरीच पिले व्हावयाची. परंतु या मादीला तीन गर्भधारणांत मिळून झालेली सहाही पिले काळी होती. मूळ अंडाशयाचा एखादा तुकडा मागे राहिला असेल, ही शंका त्यामुळे आपोआप मिटली. कलम केवळ जगलेच नव्हते, तर त्याने बीजही दिले होते आणि ज्या शरीरात ते वाढले त्याचा रंग त्या बीजाने घेतला नव्हता. मातेच्या शरीरात झालेले बदल संततीत उतरतात, या जुन्या समजुतीला या एका प्रयोगाने मोठा धक्का दिला.

रक्तातील द्रव्याचा शोध

स्राव आहे हे कळले, तरी ते द्रव्य हाती लागावयास आणखी काही वर्षे गेली. १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी कत्तलखान्यातून डुकरिणींची अंडाशये आणून त्यांच्या पुटकांतील द्रव अंडाशये काढलेल्या उंदीर-माद्यांना टोचला. त्या माद्यांत माजाची लक्षणे परत आली. सबंध अवयव लावून जे साधत होते, ते आता द्रव्य टोचून साधले. १९२९ मध्ये डॉयझी यांनी आणि त्यांच्याशी संबंध नसताना जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी हे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले. इस्ट्रोजेन वर्गातील शुद्ध स्वरूपात मिळालेले हे पहिले द्रव्य होय. अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या पीतपिंडातून प्रोजेस्टेरोन हे दुसरे संप्रेरक मिळते आणि ते गर्भ टिकवून धरते, हेही त्याच काळात निश्चित झाले.

अंडाशय हे स्वतंत्र संस्थान नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी त्याला चालना देते आणि अंडाशयातील संप्रेरके रक्तातून पोष ग्रंथीपर्यंत पोहोचून तिला आवर घालतात. विहिरीतून पाणी उपसताना टाकी भरली की पंप बंद करावा, तशी ही व्यवस्था आहे. १९४४ साली बिस्किंड यांनी उंदीर-माद्यांची अंडाशये प्लीहेत लावून ही व्यवस्था मोडली तर काय होते ते दाखविले. प्लीहेतील रक्त प्रथम यकृतात जाते आणि यकृत इस्ट्रोजेन निष्क्रिय करते. परिणामी पोष ग्रंथीला आवर घालणारा निरोप मिळत नाही; ती अंडाशयाला अखंड चालना देत राहते आणि ते कलम फुगत जाऊन अखेर त्यात अर्बुद निर्माण होते. कलम जगणे म्हणजे कार्य पूर्ववत होणे नव्हे. त्याचा स्राव योग्य मार्गाने योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे, हा या प्रयोगाचा धडा आहे.

मेंढीच्या मानेतील अंडाशय

या संशोधनाचा ग्रामीण महाराष्ट्राशी थेट संबंध येतो तो मेंढीवरील प्रयोगांमुळे. १९६७ साली गोडिंग, मॅक्रॅकन आणि बेअर्ड यांनी मेंढीचे अंडाशय त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अंडाशयातून बाहेर पडणारे रक्त थेट तपासता यावे, हा मूळ हेतू होता. परंतु त्यातून एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. गर्भाशय पोटात आणि अंडाशय मानेत असे दोन्ही एकमेकांपासून दूर गेले की पीतपिंड वेळेवर विरघळत नसे आणि मेंढीचे माजाचे चक्र अडून राही. अंडाशयाबरोबर गर्भाशयही मानेत हलविले, तर चक्र पुन्हा नियमित चाले. म्हणजे पीतपिंड विरघळविणारा निरोप गर्भाशयाकडून येत होता आणि तो लगतच्या रक्तवाहिन्यांतूनच पोहोचत होता. १९७२ मध्ये मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य प्रोस्टाग्लँडिन एफ-दोन-अल्फा असल्याचे दाखविले.

आज गाई-म्हशी माजावर आणण्यासाठी पशुवैद्यक जे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात, त्याच्या मुळाशी हे ज्ञान आहे. गाईचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते. अंडाशयावर पूर्ण वाढ झालेला पीतपिंड असताना इंजेक्शन दिले, तर तो विरघळून साधारणपणे दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते आणि कृत्रिम रेतनाची वेळ ठरविता येते. पीतपिंड नसेल किंवा तो अगदी नवा असेल, तर इंजेक्शनाचा उपयोग होत नाही. आणि गाय गाभण असेल तर गर्भपाताचा धोका असतो. म्हणून तपासणी न करता, ऐकीव माहितीवर हे औषध टोचून घेणे हे पशुपालकाचे नुकसान करून घेणे होय. तसेच ज्या गाईला पुरेसा चारा आणि क्षारमिश्रण मिळत नाही, तिचे अंडाशय मुळातच मंद असते. तेथे इंजेक्शनाआधी गव्हाणीकडे पाहिले पाहिजे.

गोठविलेले ऊतक

१९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स यांना असे आढळले की ग्लिसरॉल मिसळले असता पेशी गोठवूनही जिवंत राहू शकतात. कृत्रिम रेतन केंद्रावर द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रातून येणारी गोठित रेतमात्रा हे याच शोधाचे फळ आहे. पार्क्स आणि स्मिथ यांनी पुढे १९५३ मध्ये उंदीर-माद्यांचे अंडाशय-ऊतक गोठवून, वितळवून पुन्हा लावले आणि ते कार्य करू लागल्याचे दाखविले. १९६० साली डेल्फिन पॅरट यांनी गोठविलेल्या अंडाशयाच्या रोपणानंतर उंदरांना जिवंत पिले झाल्याची नोंद केली.

लहान प्राण्यात साधलेली गोष्ट मोठ्या प्राण्यात साधेलच असे नसते. मेंढीचे अंडाशय घट्ट असते आणि या बाबतीत ते स्त्रीच्या अंडाशयाशी मिळतेजुळते आहे. म्हणून तिच्यावरील प्रयोगाला विशेष मोल होते. १९९४ मध्ये रॉजर गॉस्डेन, डेव्हिड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या अंडाशयाच्या बाहेरील थराच्या पातळ पट्ट्या उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात गोठविल्या आणि नंतर त्याच मेंढ्यांच्या शरीरात परत लावल्या. मेंढ्यांचे चक्र पुन्हा सुरू झाले आणि गोठविलेल्या ऊतकातून कोकरूही जन्मास आले. पट्ट्या पातळ घेण्याचे कारण असे की, नव्या रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ऊतकाला आसपासच्या द्रवावरच जगावे लागते. या काळात पुटकांचा मोठा भाग मरतो. गोठविण्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी अधिक असते.

या पायावर स्त्रियांवरील उपचार उभा राहिला. कर्करोगावरील तीव्र औषधांनी आणि किरणोपचाराने तरुण मुलींचे अंडाशय कायमचे निकामी होऊ शकते. उपचाराआधी ऊतक काढून गोठवून ठेवले, तर रोगमुक्तीनंतर ते परत लावता येते. बेल्जियममधील ब्रसेल्स येथे १९९७ साली असे ऊतक राखून ठेवलेल्या एका स्त्रीला ते पुन्हा लावल्यानंतर सप्टेंबर २००४ मध्ये मूल झाले. मूल कलमातूनच झाले काय, अशी शंका तेव्हा काही तज्ज्ञांनी घेतली. परंतु त्यानंतर निरनिराळ्या देशांतून आलेल्या नोंदींनी या पद्धतीची उपयुक्तता प्रस्थापित केली आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने ती आता प्रायोगिक मानू नये, असे मत दिले. वयात न आलेल्या मुलींसाठी तर बीजशक्ती राखण्याचा हाच प्रमुख मार्ग आहे, कारण त्यांच्या अंडाशयात अद्याप पक्व बीज तयार होत नसते.

मर्यादांचे भान

या यशाबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, परक्या शरीराचे ऊतक सहसा टिकत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा ते नष्ट करते. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये सर्ज व्होरोनॉफ यांनी वानरांच्या ग्रंथींचे तुकडे माणसांना लावून तारुण्य परत देण्याचा दावा केला. श्रीमंतांनी त्यावर पैसा उधळला; पण तो दावा टिकला नाही. जाहिरातीतून यौवन विकणारे आजही आहेत, म्हणून हा इतिहास ध्यानात ठेवावा. दुसरी, स्वतःचेच ऊतक लावले तरी त्यातील पुटकांचा साठा मर्यादित असतो. कलम साधारणपणे काही वर्षे चालते, जन्मभर नव्हे. तिसरी, रक्ताच्या कर्करोगासारख्या विकारात राखून ठेवलेल्या ऊतकाबरोबर रोगपेशीही परत जाण्याचा धोका असतो. हा उपचार विशेष सोयी असलेल्या मोजक्या रुग्णालयांपुरताच आहे आणि प्रत्येकीला मिळणारा नाही.

असलेले अंडाशय जपणे

श्रोतेहो, या सर्व प्रयोगांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, अंडाशय हा केवळ अपत्यप्राप्तीचा अवयव नाही. तो हाडे, हृदय, त्वचा, झोप आणि मन यांचे आरोग्य सांभाळणारी ग्रंथी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सशाच्या मादीने शिकविलेला हा धडा समाजात मात्र अद्याप पुरता रुजलेला नाही. “मुले झाली, आता पिशवीचे काय काम?” असा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांत आजही ऐकू येतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला, तेव्हा शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे आढळले. फडावर पाणी व आडोसा नसणे, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मजुरी बुडणे आणि साध्या पांढऱ्या पाण्याच्या विकारावरही कर्करोगाची भीती घातली जाणे, अशी अनेक कारणे त्यामागे होती. गर्भाशय काढताना अंडाशये राखली, तरी ती काही स्त्रियांत वेळेआधी मंदावतात. दोन्ही अंडाशये काढली तर तिशी-पस्तिशीतील स्त्रीवर एकाएकी वार्धक्याच्या तक्रारी कोसळतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो आणि जिला दिवसभर मोळ्या वाहावयाच्या असतात तिची कंबर व सांधे दुखू लागतात. मजुरी वाचविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने मजुरी करण्याची ताकदच जाते.

शस्त्रक्रिया कधीच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. कर्करोग, अनावर रक्तस्राव, मोठ्या गाठी अशा प्रसंगी ती जीव वाचविते. परंतु इतर उपचार करून पाहिले काय, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले काय, अंडाशये राखणार की काढणार, आणि काढल्यास पुढे संप्रेरकांची उणीव कशी भरून काढणार, हे चार प्रश्न विचारण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे. ज्या स्त्रीची अंडाशये तरुण वयात काढली गेली आहेत, तिने वैद्यकीय सल्ल्याने संप्रेरक-उपचार आणि हाडांसाठी योग्य आहार यांचा विचार करावा. सारे संपले असे मानून घरी बसू नये.

येथेच शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांचे काम सुरू होते. शाळेत अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ शिकविताना मुलींना आणि मुलांनाही हा विषय संकोच न बाळगता समजावून द्यावा. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका यांच्याकडून ही माहिती सांगवावी. तोडणीला निघणाऱ्या टोळीतील स्त्रियांची तपासणी गाव सोडण्यापूर्वी करून घ्यावी आणि गाव ओस पडण्याआधी कोणत्या तक्रारीसाठी कोणत्या सरकारी रुग्णालयात जावे, हे त्यांना सांगून ठेवावे. खोंड खच्ची करताना शेतकरी त्याचे वय, ऋतू आणि पुढचे काम यांचा विचार करतो. घरातील स्त्रीच्या शरीरासंबंधीचा निर्णय त्याहून अधिक विचाराने, तिच्या संमतीने आणि पूर्ण माहितीने घेतला जावा, एवढी अपेक्षा कोणत्याही सुजाण गावाकडून करता येईल. विज्ञानाने गोठविलेले ऊतक पुन्हा जिवंत करून दाखविले आहे, हे खरे; परंतु विनाकारण काढून टाकलेला अवयव परत देणे त्यालाही साधलेले नाही. म्हणून जे शरीरात आहे ते जपणे हाच आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.